शिशाचं सील

भाऊंच्या शर्टाच्या खिशात पेन कधी दिसलं नाही. तिथं एक पक्कड असायची. विजेच्या मीटरला सील मारतात ना, तसली. तार ओवायची, तारेत शिशाचा मणी अडकवायचा आणि पकडीत दाबायचा. मण्यावर छाप उमटतो. भाऊंचा छाप तराजूचा होता आणि त्या तराजूचं एक पारडं मुद्दाम खाली गेलेलं होतं. अमरावतीच्या कारागिरानं पहिल्यांदा दोन्ही पारडी सारखी कोरली, तर भाऊंनी पक्कड परत केली आणि त्याला बसवून पुन्हा कोरायला लावली. तिच्या वजनानं खिसा सतत उसवायचा. वहिनी तो शिवून देत आणि शिवताना जे बोलत, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत अगदी टोकाला आमची शेड होती. आम्ही डाळ भरडायची यंत्रं बनवायचो आणि भरडलेली डाळ पाकिटात भरायची मशीनही. ही दुसरी मशीन म्हणजे भाऊंचा जीव की प्राण. वर नरसाळं, खाली गोल फिरणारे पेले. पेला भरला की डाळ पाकिटात पडे आणि तापलेली पट्टी पाकिटाचं तोंड चिकटवून टाके. पेला किती खोल ठेवायचा ते एका स्क्रूवर ठरे. स्क्रू आत घेतला की डाळ कमी, बाहेर काढला की जास्त. बाकीचे कारखानदार मशीन विकत आणि स्क्रू गिऱ्हाइकाच्या हवाली करत. भाऊ तो स्वतः लावत, किलोच्या जरा वरच, आणि मग त्यावर तार ओवून सील मारत. सील तुटलं तर गॅरंटी संपली.

"काटा झुकला पाहिजे," हे त्यांचं पालुपद. "नेमकं माप देनं म्हणजे चिंगूसपना. घेनाऱ्याले वाटलं पाहिजे का आपल्याले कोनी जेवाले बोलावलं."

डाळ दर हंगामात सारखी नसते. नवी तूर वेगळी भरते, पावसाळ्यात दमट झाली की आणखी वेगळी, बारीक दाण्याची असली तर पेल्यात ठासून बसते. म्हणजे स्क्रू मधूनमधून फिरवावा लागतो आणि इथं तर त्याला सील. यावर भाऊंचा इलाज सोपा होता. ते स्वतः एसटीनं जात. आज नेर, परवा दारव्हा, पुढच्या आठवड्यात थेट उमरखेड. डब्यात भाकर, खिशात पक्कड. गिऱ्हाइकाकडं पोचले की त्याच्याच कटरनं जुनं सील तोडायचं, चार पाकिटं भरून बघायची, स्क्रू बसवायचा, नवं सील मारायचं आणि मिळेल त्या गाडीनं परत यायचं. एकदा उमरखेडच्या मिलमालकानं वैतागून विचारलं, "भाऊ, मशीन मी घेतली का भाड्यानं आनली?" भाऊ म्हणाले, "मशीन तुमची. काटा माहा." आणि त्याच्याच घरी जेवून आले.

माझी त्यांची गाठ पडली ती कापसाच्या वाईट वर्षांत. बोंडअळीनं एक हंगाम खाल्ला, पडलेल्या भावानं दुसरा, आणि मी ज्या जिनिंगमध्ये कारकून होतो तिथं एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. कापसाचे पुंजके वाऱ्यावर उडत होते आणि आम्ही सगळे फाटकाबाहेर उभे होतो. भाऊंचाही तोवरचा धंदा जिनिंगचे रोलर आणि सुटे भाग बनवण्याचा; जिनं बंद पडली तसा तोही बुडाला. पण ते रडत बसणाऱ्यांतले नव्हते. "कापूस कोनी खात नाही," ते म्हणाले, "डाळ खातात," आणि त्यांनी शेडमधली यंत्रं हलवून नवी मांडणी केली. जिनातले फिटर उचलले, त्यांच्या मुकादमाला मिस्त्री केलं आणि मला बोलावणं पाठवलं.

"इंग्लिश येते?" त्यांनी विचारलं.

"येतं."

"भांडता येते का इंग्लिशमंदून?"

मी म्हटलं, तशी वेळ कधी आली नाही.

"शिकून घे बाबू. गोड बोलाले त कोनीही भेटते. आपल्याले माल फॉरेनले पाठवाचा हाये."

यवतमाळात त्या वर्षी लोकांना पुसदपलीकडं माल पाठवायची धास्ती वाटत होती आणि हा माणूस फॉरेनच्या गोष्टी करत होता. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय. महिन्याभरात कळलं, की परिणाम आधीपासूनचाच आहे आणि त्यात एक पद्धत आहे.

ऑफिसच्या भिंतीवर शाळेतला असतो तसा जगाचा नकाशा होता. ज्या देशात डाळ खातात तो देश भाऊंनी पिवळा रंगवला होता. जिथं वाटाणे, चवळी, राजमा असली कडधान्यं चालतात तो हिरवा. बाकी सगळे पांढरे. ब्रह्मदेश पिवळाधमक. आफ्रिकेचा पूर्व किनारा पिवळा. युरोप बव्हंशी पांढरा. "तथी सूप पितात," एवढंच स्पष्टीकरण. पांढऱ्या देशांविषयी त्यांना राग नव्हता, कीव होती. रेडिओवर कुठल्याही देशाचं नाव आलं, मग तिथं निवडणूक असो की भूकंप, भाऊंचा पहिला प्रश्न, "तथी तूर होते का बे?" क्रिकेटच्या मॅचमध्ये भारत नसला तर ते पिवळ्या देशाच्या बाजूनं असत आणि दोन्ही देश पांढरे असले तर टीव्ही बंद करून टाकत.

नागपूरला निर्यातीवर कुठलंही शिबिर निघालं की भाऊ हजर. खाद्यप्रक्रिया यंत्रांना परदेशात काय संधी आहेत, कुठं मागणी वाढते आहे, पॅकिंग कसं असावं, असं सगळं तिथं सांगत. मी वहीत टिपून घ्यायचो, भाऊ पहिल्या रांगेत हात वर करून बसायचे. एका वक्त्यानं जपानची फार तारीफ केली. भाऊ उठले. "ते लोक तुरीची डाळ खातात का?" वक्ता म्हणाला, नाही, पण ते इतर पुष्कळ कडधान्यं खातात आणि स्वयंचलित यंत्रांची त्यांना... "मंग राहू द्या त्यायचं," भाऊ म्हणाले आणि खाली बसले. सगळं सभागृह हसलं आणि मी वहीत तोंड घातलं. पण वक्ता भला माणूस होता. जेवणाच्या सुट्टीत तो स्वतःहून आमच्याजवळ आला आणि म्हणाला, तुम्ही पूर्व आफ्रिका बघा. तूर तिथं पिकतेही आणि खातातही, आणि भरडून पाकिटात घालायच्या छोट्या यंत्रांना तिथं जागा आहे. भाऊंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. परतीच्या बसमध्ये वर्ध्यापर्यंत ते मला सांगत होते, की हे आपल्याला आधीपासूनच माहीत होतं.

त्यांच्या या खात्रीचा मला कधी कधी संताप यायचा. शेडमध्ये काम नसायचं, तयार मशिनीवर धूळ बसायची, आणि हे नकाशा पुसून नव्यानं रंगवायचे. पण पगाराच्या दिवशी पगार होई. तो कसा होतो हे विचारायची आमची हिंमत नव्हती, आणि वहिनींच्या हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या तेव्हा विचारायची गरजही उरली नाही.

दसऱ्याला आजूबाजूच्या शेडांत यंत्रांना झेंडूचे हार, नारळ, पेढे. आमच्याकडं भाऊंचा हुकूम ठरलेला, "हार घालू नका, ग्रीस घाला." त्यांच्या घरात दीक्षा वडिलांनीच घेतलेली, त्या दिवशी भाऊ नागपूरला दीक्षाभूमीवर गेलेले असत. दुसऱ्या दिवशी आले की आधी बेअरिंगमध्ये बोट घालून ग्रीस बघत आणि मगच सगळ्यांना जय भीम करत.

अखेर पिवळ्या देशांतून एक गिऱ्हाईक आलं. नागपूरच्या एका प्रदर्शनात पूर्व आफ्रिकेतल्या दारेसलामची एक व्यापारी बाई आमच्या स्टॉलसमोर थांबली. उंच, धिप्पाड, डोक्याला रंगीत कापड बांधलेलं आणि हसली की शेजारचे स्टॉल वळून बघायचे. आपल्या शहरात ती डाळी आणि चवळी पाकिटात भरून दुकानांना पुरवायची. तिनं मशीन चालवून पाहिली, उघडून पाहिली, आणि एक मशीन घेतली. भाऊंनी ती पाठवताना स्क्रू लावला, आपल्याकडच्या तुरीच्या डाळीवर पाकिटं भरून पाहिली, सील मारलं, आणि गॅरंटीच्या कागदावर सीलची अट मला ठळक इंग्रजीत लिहायला लावली.

मी तेव्हाच म्हटलं होतं, "भाऊ, तिथली डाळ बारीक दाण्याची असली तर?"

"जास्तच भरन न? कमी त नाही भरनार?"

"नाही."

"मंग भिऊ कायले?"

वर्ष गेलं. आमच्या इथली अवस्था आणखी बिघडली. कापसाचा पैसा गावात आला नाही की कोणाचाच येत नाही; डाळमिलवाल्यांनी नव्या मशिनी घेणं थांबवलं. शेडमध्ये शेवटची तयार मशीन उभी होती आणि तिच्यामागं दुसरं काम नव्हतं. अशात त्या बाईचा फोन आला. मी येतेय, ती म्हणाली. तिला आणखी चार गावांत डाळ भरायची होती, म्हणजे चार मशिनी हव्या होत्या. पण पहिल्या मशिनीची तक्रार होती. ती मिटली तर ऑर्डर आम्हाला, नाहीतर तिथून ती दक्षिणेतल्या एका मोठ्या कारखान्याकडं जाणार होती. तिकडची तिकिटंही तिनं काढलेली होती.

ही बातमी मी मिस्त्रीला सांगितली आणि मिस्त्रीनं शेडला. त्या चार मशिनी म्हणजे सगळ्यांचं पुढचं वर्ष होतं, हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. जिनाच्या फाटकाबाहेर एकदा उभे राहिलेले लोक होते ते.

बाई आली. वहिनींनी जेवण शेडमध्येच आणलं होतं. वरण, भात, भाकर आणि बेसनाच्या पातोडीची तिखट रस्सा भाजी. "मिरची चालते का हो इले?" असं त्या मला विचारेपर्यंत बाईनं रस्सा भुरकला होता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तिनं नाक पुसलं आणि वाटी पुढं केली. वहिनींनी तिला तिथंच पास केलं.

जेवण झाल्यावर तिनं पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आमच्याच मशिनीवर भरलेलं, तिच्या कारखान्याचं. भाऊंनी ते लेकराला घ्यावं तसं हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलला. पाकिटाचं तोंड फाडलेलं होतं आणि वरून स्टेपलच्या पिना मारून पुन्हा बंद केलेलं होतं.

"ह्या पिना कोनी मारल्या?"

मी इंग्रजीत विचारलं. तिनं सांगितलं ते ऐकून मराठीत सांगायला मलाच वेळ लागला. तिच्याकडची डाळ बारीक दाण्याची. पेल्यात ठासून बसते. त्यामुळं प्रत्येक पाकिटात डाळ जास्त जाते, आणि हे दुकानदारांना कळून चुकलंय. ते पाकीट उघडतात, वरची मूठ काढून घेतात आणि पिना मारतात. काही जण मुठीवर थांबत नाहीत. लोकांच्या घरी जातं ते उघडलेलं, खडे पडलेलं, कमी भरलेलं पाकीट. आणि पाकिटावर नाव तिचं असतं.

"म्हंजे वरची मूठ..." भाऊ पुटपुटले.

"दुकानदाराच्या घरात," मी म्हटलं.

वहिनी भांडी गोळा करत होत्या. "घ्या," त्या म्हणाल्या. "झुकवा आनखी काटा."

भाऊंनी खिशाला हात लावला. "तिले सांग, माही चूक झाली. तिची डाळ पाहून स्क्रू लावाले पाह्यजे होता. मी येतो. तथी येऊन लावून देतो अन् सील मारून देतो."

मी सांगितलं. बाई म्हणाली, डाळ दर हंगामाला बदलते. आता गावं पाच होतील. तुम्ही दर हंगामाला पाच गावांना येणार का?

"उमरखेडले जातोच न मी," भाऊ म्हणाले.

हे मी जसंच्या तसं सांगितलं आणि उमरखेड कुठं आहे तेही सांगितलं. बाई इतकी हसली की दारात जमलेले फिटरही हसले. मग तिनं हसणं आवरलं आणि सरळ बोलली. स्क्रू उघडा द्या. डाळ माझी, मशीन माझी, पाकिटावर नाव माझं. मी चार मशिनी घेते, पण सील नको.

भाऊंनी मान हलवली. नाही.

दारातून मिस्त्री म्हणाला, "भाऊ, सोडा न आता. कायले हट्ट करून राह्यले?"

"तुम्ही गप बसा बे. ऑर्डरीसाठी सोडू म्हनता का?"

"हो," मिस्त्री म्हणाला. "ऑर्डरीसाठीच सोडा. आमाले लेकरं हायेत."

भाऊंनी मिस्त्रीकडं पाहिलं, पण रागावले नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाले, "बाबू, हे नीट सांगजो तिले. एक शब्द खाऊ नको." आणि त्यांनी जे सांगितलं ते मी आणि बाईनं एकाच वेळी पहिल्यांदा ऐकलं, मी फक्त मराठीतून.

त्यांचे वडील नेरच्या कापूस बाजारात हमाल होते. गाडीवरून कापूस उतरवायचा आणि काट्यावर ठेवायचा हे त्यांचं काम. काटा व्यापाऱ्याचा. तो प्रत्येक गाडीमागं थोडा कापूस खातो हे हमालाला दिसायचं, पण बोलायची सोय नव्हती. बोलला तर उद्यापासून काम बंद. घरी जाऊन हिशेब केला की माप कमी भरलं हे शेतकऱ्यालाही कळायचं. मग दुसऱ्या दिवशी तो बाजारात येऊन भांडायचा आणि भांडणार कोणाशी? व्यापारी गादीवर आत बसलेला. पोत्याला हात हमालाचा लागलेला.

"शिव्या माह्या बापाले," भाऊ म्हणाले, "कापूस व्यापाऱ्याले. मी लहान होतो, डबा घेऊन जात जाओ. माह्यासमोर त्याच्या आईवरून, जातीवरून शिव्या. तो खाली पाहून पोतं उचले. म्हनून मी मशीन काढली का जिच्यात कोनाले हात घालता येत नाही. सांग तिले."

मी सांगितलं. बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग ती शांतपणे म्हणाली, "तो व्यापारी चोर होता. मग कुलूप मला का?"

हे वाक्यही मी मराठीत सांगितलं. भाऊंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण ते हटले नाहीत. "तुमी नसान चोर," ते म्हणाले, "तुमच्यानंतर कोन येईन ते मले काय माहीत?" बाईनं खांदे उडवले, पिशवीची चेन लावली आणि खुर्ची मागं सारली. मिस्त्रीनं डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. मला भाऊंच्या दंडाला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. एका स्क्रूसाठी हा माणूस सगळ्यांना पुन्हा फाटकाबाहेर उभं करणार होता, आणि त्याच्या म्हणण्यात खोट तर काढता येत नव्हती.

टेबलावरचं पाकीट उचलून बाईला परत द्यायला म्हणून भाऊ उठले आणि देता देता थांबले. पिनांवरून अंगठा फिरवत म्हणाले, "बाबू, तिले विचार, हे पाकीट घेऊन गिऱ्हाईक भांडाले येते, ते कोनापाशी येते?"

मी विचारलं.

कारखान्याच्या दारात, बाई म्हणाली. पाकिटं भरणाऱ्या आणि पोती वाहणाऱ्या बाया दारातच बसतात. लोकांना वाटतं, यांनीच हात मारला.

"काय म्हनतात त्यायले?"

बाईनं नुसता हात झटकला, कोणाला हाकलताना सगळ्या जगात झटकतात तसा. मला भाषांतर करावं लागलं नाही.

भाऊंनी पाकीट टेबलावर ठेवलं. मग ते तयार उभ्या असलेल्या मशिनीपाशी गेले. खिशातून पक्कड काढली. तिनं नुसतं दाबायचंच काम केलं होतं; तिची धार तार कापण्याइतकी नव्हती, म्हणून त्यांनी मिस्त्रीकडं हात केला आणि मिस्त्रीनं कटर दिला. तार तुटली, मणी फरशीवर पडला. भाऊंनी पाना स्क्रूवर चढवला आणि बाईला खूण केली. ती पुढं आली. त्यांनी पाना तिच्या हातात दिला.

"ऑर्डरीसाठी नाही सोडलं," ते मिस्त्रीला म्हणाले. "सांगून ठेवतो."

"नाही भाऊ," मिस्त्री म्हणाला. "कोन म्हनते?"

बाईनं पाना दोनदा फिरवून पाहिला, आत आणि बाहेर. मग तिनं मला विचारलं, आता मी पाकिटात किती भरते हे यांना कसं कळणार?

"नाही कळनार," भाऊ म्हणाले.

चार मशिनींचं काम सुरू झालं. फिटरांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती आणि भाऊ त्यांच्यामागं फिरत होते, चिडचिडे झालेले. इथल्या मशिनींची सीलं त्यांनी मोडली नाहीत. "जिथलोक बस जाते तिथलोक सील राहीन," असा त्यांनी निवाडा दिला. दारेसलामच्या चारही मशिनी मात्र तारेशिवाय गेल्या आणि तिथल्या पहिलीचं सील तोडायची बाईला मुभा मिळाली. गॅरंटीच्या कागदावरची अट मी खोडली तेव्हा भाऊ मुद्दाम बाहेर जाऊन चहा पीत उभे राहिले. कंटेनर गेला त्या संध्याकाळी ते मला म्हणाले, "बाबू, पोरगी सासरी धाडली अन् पत्ता नाही घेतला, असं वाटून राह्यलं." मी म्हटलं, पत्ता आहे की भाऊ, मीच लिहिलाय.

पुढं त्या किनाऱ्यावरून आणखी ऑर्डरी आल्या. त्या बाईनंच आमचं नाव तिकडं पसरवलं होतं. शेडला शेजारची जागा घ्यावी लागली आणि वहिनींच्या हातात पाटल्या परत आल्या, आधीपेक्षा जाड. पण मला त्या सगळ्यापेक्षा एक पार्सल जास्त आठवतं.

ते दुपारी, जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर आलं. बाईच्या ओळखीचा कोणी मुंबईला येत होता, त्याच्या हातानं तिनं पाठवलेलं. आत तुरीच्या डाळीचं एकच पाकीट होतं, नव्या मशिनीवर भरलेलं. तोंड सरळ चिकटलेलं. एकही पीन नाही.

सगळी शेड टेबलाभोवती गोळा झाली. आमचा काटा तिथंच होता, दिवसभर पाकिटं तोलायचा, रत्तीचाही फरक दाखवणारा. मिस्त्रीनं तो फडक्यानं पुसून पुढं ओढला. बाईनं स्क्रू आत घेतला असेल की बाहेर काढला असेल, यावर पैजा लागल्या. वहिनीही डबे ठेवून आल्या. खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणी दुसरं काही नको होतं, फक्त तो आकडा हवा होता. भाऊ पाकीट हातात घेऊन उभे होते आणि त्यांचे हात ते काट्याकडं नेत होते, हे मी पाहिलं. अर्ध्या वाटेत ते थांबले.

"ठेवा न भाऊ," मिस्त्री म्हणाला.

"तोलाचं होतं त सील कायले तोडलं?"

"पन पाह्याले काय जाते?"

भाऊंनी पाकिटाचं तोंड दातानं फाडलं आणि डाळ वहिनींच्या पातेल्यात ओतली. शेवटचा दाणा पडेपर्यंत पाकीट झटकलं. "शिजवा," ते म्हणाले.

शेडच्या मागच्या चुलीवर वरण झालं. एवढ्या माणसांत एक पाकीट, म्हणजे पाणीच जास्त. पण प्रत्येकाच्या भातावर पिवळं काहीतरी पडलं. चव आपल्या डाळीपेक्षा जरा गोडसर होती. पंगत नेहमीच्याच जागी बसली, टेबलासमोर. भाऊ रोज ज्या जागी बसत तिथून उठले, दुसऱ्या बाजूला गेले आणि काट्याकडं पाठ करून जेवले.